मजूर गैरहजर

"कोट्यातली भरती आहे, सर. लाल-हिरवं ओळखायला शिकतेय अजून."

आमचे साहेब, प्रोजेक्ट मॅनेजर, हसत म्हणाले. सरकारी खात्याचे अधिकारी हसले. मग टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी टेबलाभोवती नव्हते. मी भिंतीकडेला, प्लगजवळ, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. लॅपटॉप मांडीवर. समोरच्या मोठ्या पडद्यावर जे दिसत होतं ते माझ्या मांडीवरनं तिकडे जात होतं.

पडद्यावर एक पट्टी लाल होती. 'दुसरा मजला, स्लॅब.' ते काम वेळेत होणार नव्हतं म्हणून लाल. अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, "हे लाल काय आहे?" उत्तर मला येत होतं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात साहेब ते बोलले, आणि हसणं ओसरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, हिरवं करा ते."

मी केलं.

आमची कंपनी खासगी आहे. खासगी कंपनीत कोटा नसतो. मी जाहिरात बघून अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली. मुलाखत घेणारे हेच साहेब होते. ऑफिसात आणखी दोघी आहेत, त्यांना ते मॅडम म्हणतात. मला बाई. त्या दिवशी आमच्या भागात पाणी यायचा वार होता, पहाटे उठून पिंपं भरून मी आले होते, कंबर भरून आली होती. खरं सांगायचं तर मला आधी राग आलाच नाही. कंटाळा आला. पुन्हा तेच, एवढंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं ते असं.

माझं काम काय ते सांगते. सोलापूरच्या कडेला आमची कंपनी मागासवर्गीय मुलींचं सरकारी वसतिगृह बांधतेय. तीन मजले. जूनमध्ये मुली राहायला यायच्या, असं करारात लिहिलंय. या बांधकामाचं वेळापत्रक एका सॉफ्टवेअरमध्ये असतं. प्रत्येक कामाची एक ओळ, सुरू कधी, संपणार कधी, आणि कुठलं काम कुठल्या कामावर अडलंय. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा फळ्या-बल्ल्यांचा साचा, झाल्याशिवाय लोखंड बांधता येत नाही. लोखंड बांधल्याशिवाय स्लॅब भरता येत नाही. खालचा स्लॅब पक्का झाल्याशिवाय वरचं काही नाही. काही कामांना सवड असते. कंपाउंडची भिंत महिनाभर लांबली तरी कुणाचं काही अडत नाही. स्लॅबला सवड नसते. स्लॅब एक दिवस लांबला की प्लॅस्टर एक दिवस लांबतं, नळ, वायरिंग, फरशी, सगळं एक दिवस लांबतं, आणि शेवटी मुलींचा यायचा दिवस लांबतो. हे सांगायला सॉफ्टवेअर लाल होतं. त्याचा तेवढाच उपयोग आहे.

उशीर ओळखायला मात्र मी सॉफ्टवेअरवर शिकले नाही. साइटवर शिकले. रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी साइटवर जायचे आणि बल्ल्या मोजायचे. स्लॅबखाली आधाराला उभ्या लाकडी बल्ल्या. त्या वाढल्या तर काम चाललंय. चार दिवस तेवढ्याच असल्या तर काम बंद आहे, मग कागदावर काहीही असो. दुसरी गोष्ट नव्वद टक्क्यांची. साइटवरचा सुपरवायझर कुठल्याही कामाला नव्वद टक्के झालं म्हणतो. पुढच्या आठवड्यातही नव्वद. त्याच्या पुढच्याही. जे काम चार आठवडे नव्वद टक्क्यांवर आहे, ते अर्धंसुद्धा झालेलं नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. आई रानात तण भांगलायला जायची, तेव्हा मुकादम संध्याकाळी विचारायचा, किती झालं, आणि बाया म्हणायच्या, झालंच की. सरी अजून अर्धी उभी असायची. माढ्याकडच्या त्या रानात मी लहानपणापासून ते बघितलंय.

तर मला उशीर दिसायचा. सगळ्यांच्या आधी दिसायचा. आणि मीच तो पुसायचे.

कंपनीची एक पद्धत आहे. काम सुरू होतं तेव्हा मूळ तारखा सॉफ्टवेअरमध्ये गोठवून ठेवतात. त्याला बेसलाइन म्हणतात. नंतर काम किती मागे पडलं ते त्या गोठवलेल्या तारखांशी ताडून बघायचं. पण आमच्याकडे दर महिन्याच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी साहेब म्हणायचे, "बाई, बेसलाइन नवी घ्या." म्हणजे आज जे काही आहे तेच मूळ होतं असं धरायचं. जुन्या तारखा गेल्या. उशीर शून्य. मी दीड वर्ष हे करत आले. पहिल्यांदा केलं तेव्हा बटण दाबायच्या आधी साहेबांना दोनदा विचारलं होतं. पाचव्यांदा केलं तेव्हा दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

त्या जानेवारीत मी बेसलाइन नवी घेतली, तरी एक पट्टी लाल राहिली. कारण करारातली जूनची शेवटची तारीख खात्याने स्वतः टाकून कुलूप लावलं होतं, ती आम्हाला हलवता येत नव्हती. स्लॅब त्या तारखेला धडकला होता. वर जो अपमान सांगितला तो त्या पट्टीचा. स्लॅबचे दिवस खोटे कमी दाखवून मी ती हिरवी केली.

आता दुसरी पद्धत. एखादं काम लांबलं तर सॉफ्टवेअर कारण विचारतं. कारणांची यादी असते, त्यातून एक निवडायचं. नकाशा मंजूर नाही. माल आला नाही. यंत्र बंद. पाऊस. मजूर गैरहजर. नकाशा निवडला तर साहेबांना फोन जातो, कारण नकाशे त्यांच्याकडे. माल निवडला तर खरेदीवाले भांडायला येतात. यंत्र निवडलं तर भाड्याच्या यंत्राचा मालक येऊन उभा राहतो. मजूर निवडलं की कुणीच येत नाही. कुणाचा फोन नाही, खुलासा नाही. मजुरांकडे लॉगिन नाही. आपल्या नावावर काय लिहिलंय हे त्यांना कळायची सोयच नाही. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं होतं, "काही सुचलं नाही की मजूर टाका." मी टाकत गेले.

मी. मजुराची पोरगी. माझ्या हाताने टाकत गेले.

आणि हे सगळं साहेबांच्या लॉगिनने. माझ्या नावाचं लॉगिन नव्हतं. मी दोनदा मागितलं होतं. "कशाला? काम तर चाललंय की," असं उत्तर मिळालं. प्रत्येक ओळीपुढे, कुणी भरलं या रकान्यात, साहेबांचं नाव यायचं. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आपण राबायचं आणि नाव त्यांचं. मला वाटायचं, माझ्यावर होणारा अन्याय तो एवढाच.

मल्लप्पा मिस्त्री आमच्याकडे सेंट्रिंगचं काम करतात. अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. त्यांची अठरा माणसांची टोळी, त्यात सहा बायका. मिस्त्रींचं काम मी बघितलंय. फळ्या बसवल्यावर ते अनवाणी त्यावरून चालायचे, तळपायाला फट लागली की तिथं थांबून कागदाची गुंडाळी कोंबायचे. सिमेंटचं पाणी गळू नये म्हणून. अशा माणसाला कामचुकार म्हणायला जीभ धजायची नाही. बोटं मात्र धजली.

डिसेंबरमध्ये साहेबांचा मला मोबाइलवर संदेश आला. 'मल्लप्पाची माणसं उद्यापासून बंगल्यांवर. त्याला कळवा.' शहराच्या दुसऱ्या टोकाला कंपनीची बंगल्यांची स्कीम चालू आहे. तिथला नमुन्याचा बंगला आणि क्लब हाऊस गुढीपाडव्याआधी उभं राहायला हवं होतं, बुकिंग सुरू करायचं होतं. मी मिस्त्रींना फोन लावला.

"म्याडम, हितलं अर्ध ऱ्हायलंय की," ते म्हणाले. "बल्ल्या लावून तशाच सोडायच्या व्हय?"

"साहेबांनी सांगितलंय."

"साहेब म्हनत्यात तर जातो. पर लिवून ठिवा, आमी सोडून गेलो न्हाय म्हून."

"ठेवते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीसमोर कारण निवडलं. मजूर गैरहजर. मिस्त्रींचं बोलणं मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. यादीत 'आम्हीच हलवले' असं कारण नव्हतं, आणि वेगळं लिहायचा जो मोकळा रकाना असतो तो मी कधी उघडलाच नव्हता. सवय. दुसरं कारण देण्यात अर्थ नाही.

अपमानाची ती मीटिंग झाली आणि आठवड्याभराने मी साइटवर बल्ल्या मोजत होते. बल्ल्या तेवढ्याच. वर कुणी नाही, फळ्या उन्हात वाकायला लागलेल्या. वॉचमनने हाक मारली. गेटवर एक बाई उभी होती, बरोबर परकर-पोलक्यातली धाकटी आणि शाळेच्या ड्रेसातली थोरली. वळसंगहून आले म्हणाली. थोरली दहावीला होती.

"हे पोरींचं वसतिगृह हाय न्हवं?"

"हो."

"जूनला सुरू हुतंय म्हनं. खरं हाय का?"

मी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं.

"हिचा बा पाठवीना," ती बाई सांगू लागली. "म्हनतोय, गावातच बस म्हनावं, झालं तेवढं शिक्षान बास. म्या म्हनलं, सरकारी हाय, पक्की खोली हाय, गेट हाय, वॉचमन हाय. बघून येते म्हनलं. तुमी सांगा, जूनला हुतंय का न्हाय?"

पडद्यावर ती पट्टी आता हिरवी होती. मीच केलेली. मी म्हणाले, "होतंय. जूनला."

थोरली पोरगी इमारतीकडे मान वर करून बघत होती. तिने विचारलं, "खिडक्या वरच्याला पन असनार का?" मी हो म्हणाले. तिघी चालत रस्त्याला लागल्या. मी तिथंच वाळूच्या ढिगावर बसले.

आता मला माझी गोष्ट सांगावी लागेल. सांगायची नव्हती.

मी अकरावीला सोलापूरला आले तेव्हा वसतिगृहात नंबर लागला होता. पत्र हातात होतं. ट्रंक घेऊन आले तर इमारत नाही. नुसते खांब. उशीर झालाय म्हणाले. आम्हा चाळीसेक मुलींना एका मंगल कार्यालयात ठेवलं. हॉलमध्ये गाद्या टाकून. पण मंगल कार्यालय म्हणजे लग्नं असायची. लग्नाच्या तारखेला ट्रंका उचलायच्या आणि मागच्या बाजूला, भटारखान्याजवळच्या पडवीत जायचं. लग्न उरकलं की परत. पूर्ण वर्ष. तिथंच अभ्यास, तिथंच पाळी, तिथंच ताप.

फेब्रुवारीत माझा केमिस्ट्रीचा पेपर होता. त्याच दिवशी लग्न. मी पडवीत पुस्तक घेऊन बसले होते, युनिफॉर्म घालून, निघायला अर्धा तास होता. भरजरी साडीतली एक बाई आत आली. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या ट्रंकेकडे बघितलं. म्हणाली, "ए पोरी, बसलीस काय? पंगत उठली, ताटं उचल."

मी म्हणाले, "मी इथली नाही. मी विद्यार्थिनी आहे."

"कळलं. उचल."

मी पुस्तक ट्रंकेवर ठेवलं आणि ताटं उचलली. नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणाले नाही. दोन पंगतींची ताटं उचलून मी पेपरला गेले, हाताला भाजीचा वास, युनिफॉर्मच्या बाहीला तेल. पेपर कसा गेला ते आठवत नाही. पर्यवेक्षक बाईंनी वास घेतल्यासारखं नाक वर केलं, ते आठवतं. त्या उन्हाळ्यात आमच्यातल्या पंधरा-सोळा जणी परत आल्याच नाहीत. कुणी विचारलं नाही का. मला वाटतं, तेव्हाही कुठल्या तरी कागदावर काहीतरी कारण लिहिलं असेल.

वाळूच्या ढिगावर बसून मी हिशेब लावला, तारखांचा. स्लॅब आज सुरू केला तरी जून गाठणं शक्य नाही. नोव्हेंबर. फार घाई केली तर ऑक्टोबर. पण हे आत्ता फेब्रुवारीत कळवलं तर खात्याला दुसरी इमारत भाड्याने बघता येईल, नीट खोल्या असलेली, संडास-बाथरूम असलेली. मे महिन्यात कळलं तर काय मिळेल, मला माहीत होतं. लाल पट्टीचा अर्थ तेवढाच होता. वेळेत सांगा. मी तो अर्थ हिरवा करून आले होते. आणि वर त्या पोरीला खिडक्यांचं सांगितलं होतं.

तरी मी लगेच काही केलं नाही. थकलेलं माणूस लगेच काही करत नाही. नोकरी, खोलीचं भाडं, आईचे गुडघे. दोन आठवडे मी तशीच ऑफिसला गेले.

मग खात्याकडून नोटीस आली. कुणीतरी अधिकारी येता-जाता बंद पडलेली साइट बघून गेला असावा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीवर बसा म्हणाले. आवाज गोड होता.

"तुमचं लॉगिन करून टाकलंय," ते म्हणाले. "बरेच दिवस मागत होता ना? तुमच्या नावाने. प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोटातून आनंद झाला. साहेबांनी वहीतला एक कागद पुढे सरकवला. इंग्रजीत चार ओळी होत्या. सेंट्रिंगची टोळी डिसेंबरमध्ये न कळवता काम सोडून गेली, वारंवार बोलावूनही आली नाही, म्हणून उशीर. टोळीला काळ्या यादीत टाकावं अशी शिफारस.

"हे तुमच्या लॉगिनने टाका. साइटवर रोज तुम्हीच जाता, तुमच्या नावाने आलं की वजन पडतं. आणि तुमच्याच लोकांबद्दल तुम्ही लिहिताय म्हटल्यावर कुणी शंका घेणार नाही."

तुमच्याच लोकांबद्दल. साहेब हे सहज बोलले. त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. मी कागद घेतला आणि जागेवर आले. त्याच स्टुलावर.

काळ्या यादीत टाकलं की टोळीला जिल्ह्यातल्या कुठल्याच सरकारी कामावर कुणी उभं करत नाही. अठरा माणसं. मी लॉगिन उघडलं. वरच्या कोपऱ्यात माझं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट. मी ते बघत बसले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसचा वॉचमन येऊन म्हणाला, मल्लप्पा मिस्त्री आलेत, आत सोडायला परवानगी नाही, तुम्हालाच भेटायचंय म्हणतात. मी बाहेर गेले. मिस्त्री पायरीच्या खाली उभे होते. चप्पल काढून बाजूला ठेवलेली. डोक्यावरचा टॉवेल हातात. फरशी तापलेली होती.

"चप्पल घाला मिस्त्री," मी म्हणाले.

त्यांनी घातली नाही.

"म्याडम, साहेबांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. आमी पळून गेलो म्हून लिवायलात म्हनं तुमी."

मी वरच्या पायरीवरच थांबले.

"मी तुमाला लिवून ठिवा म्हनलो हुतो. तुमी ठेवते म्हनलासा. म्हून मी निवांत हुतो."

"मिस्त्री..."

"रागानं न्हाय बोलत. माजी नात हाय, आठवीत. तिला मी तुमचं नाव सांगतो. आपल्यातली पोरगी हाय म्हनतो, कांपुटरवर बसती, सगळं तिच्या हातात असतंय म्हनतो."

त्यांनी टॉवेल परत डोक्याला गुंडाळला. त्यांना आणखी काही मागायचं नव्हतं. माझ्यासमोर एक म्हातारा माणूस तापल्या फरशीवर अनवाणी उभा होता, आणि मी सावलीत, दोन पायऱ्या वर. आयुष्यभर मी खालून वर बघत आले होते. साहेब कसे दिसतात ते मला चांगलं माहीत होतं. पण खालून बघणाऱ्याला मी कशी दिसते, ते त्या दिवशी कळलं. कोट्यातली म्हणाले तेव्हा कानशिलं तापली नव्हती. आता तापली. ताटं उचल म्हणणारी ती बाई मला आठवली, आणि मला तिची नाही, माझी किळस आली.

"आत या," मी म्हणाले.

"सोडत न्हाईत."

"माझ्याबरोबर या."

वॉचमन बघत राहिला. मी मिस्त्रींना आत घेऊन आले, साहेबांच्या केबिनबाहेरच्या सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. मग त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला आणि जे जे टाइप करत होते ते मोठ्याने वाचत गेले, मराठीत. ऑफिस ऐकत होतं.

"दुसरा मजला, स्लॅब. काम बंद. कारण: माणसं हजर होती. कंपनीने ती बंगल्यांच्या कामावर हलवली. आदेश प्रोजेक्ट मॅनेजरांचा, मोबाइल संदेशाचा फोटो सोबत जोडला आहे. निरोप मी स्वतः दिला."

काम संपायची अंदाजी तारीख बदलली, करारातली कुलूपबंद तशीच. जून काढून नोव्हेंबर केलं. पट्टी लाल झाली, तिच्याखालच्या सगळ्या लाल झाल्या, पडदाभर. मग मागे गेले. दीड वर्षात जिथं जिथं मी 'मजूर गैरहजर' टाकलं होतं, ती एकेक ओळ उघडली. मोकळ्या रकान्यात लिहिलं, हे कारण खोटं आहे, साहेबांच्या लॉगिनने मी भरलं होतं. जिथं खरं कारण माहीत होतं ते लिहिलं. जिथं आठवत नव्हतं तिथं आठवत नाही असं लिहिलं. तासभर लागला. मिस्त्री शेवटपर्यंत बसून होते. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "येवढ्या येळा?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी पाण्याचा रिकामा ग्लास खाली ठेवला. त्यांनी माफ करावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

काम संपायची तारीख करारापुढे गेली की सॉफ्टवेअर संबंधित सगळ्यांना आपोआप मेल पाठवतं. खात्याच्या अधिकाऱ्यांनाही. साहेब बाहेर जेवायला गेले होते, त्यांना मेल तिथंच मिळाला. ते आले तेव्हा मिस्त्री निघून गेले होते.

"हे काय केलंस?" आजवर अहो-जाहो करायचे. पहिल्यांदा अगं-तुगं.

"भरलं."

"माफीचं पत्र लिहून दे. चुकून भरलं म्हणून. नाहीतर राजीनामा दे."

"चुकून नाही भरलं. आधीचंही चुकून नव्हतं भरलं. राजीनामा देणार नाही. काढायचं तर काढा."

"तुम्हा लोकांना कितीही वर घ्या," ते म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडलं. पुढचं मला पाठ आहे. लहानपणापासून ऐकलंय. तरी मी तिथून उठले नाही.

संध्याकाळी पाचला माझं लॉगिन बंद झालं. चार तास चाललं ते. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले तर स्टूलही नव्हतं. लॅपटॉप काढून घेतलेला. कुणी काही काम देईना, कुणी जा म्हणेना. त्या दोन मॅडमपैकी एकीने डबा खाताना हळूच विचारलं, कशाला पडलीस त्यात. मी सांगायचा प्रयत्न केला. तिला पटलं नाही.

मी घरी येऊन कागदावर सगळं लिहिलं. साध्या मराठीत, तारखा घालून. रजा टाकून खात्याच्या ऑफिसात गेले. आवक टेबलावरचे कारकून म्हणाले, कंपनीमार्फत या. मी म्हणाले, शिक्का मारून द्या, मी थांबते. तीन तास थांबले. शिक्का मिळाला. मीटिंगमध्ये हसलेले अधिकारी जिन्यात भेटले. मी म्हणाले, "जूनला इमारत होत नाही. मुलींसाठी दुसरी जागा आत्ता बघा. मंगल कार्यालय नको." ते म्हणाले, "बघू." मला त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही.

मग वळसंगला गेले. त्या बाईचं घर विचारत विचारत सापडलं. तिला सांगितलं, मी खोटं बोलले होते, जूनला होत नाही. "मंग आता मी हिच्या बाला काय सांगू?" ती म्हणाली. चहा विचारला नाही तिने. बरोबर केलं.

या सगळ्याने काही बदललंय असं मी म्हणणार नाही. मिस्त्रींची टोळी काळ्या यादीत गेली नाही, पण परत वसतिगृहावरही आली नाही. फळ्या उन्हात तशाच आहेत. मला अजून काढलेलं नाही, काढतील. मी फार थकलेय. रात्री आडवी झाले की पाय ठणकतात, आणि सकाळी उठावंसं वाटत नाही.

पण दर सोमवारी मी उठते. साइटवर जाते, बल्ल्या मोजते, गेटबाहेरच्या दगडावर बसून कागद लिहिते आणि आवक टेबलावर जाऊन शिक्का घेते. असे पाच कागद झाले. कारकून आता मला बघितलं की न बोलता शिक्का पुढे ओढतो. सहावा देणार. मुली नीट छपराखाली जाईपर्यंत देत राहणार, नोकरी असो की नसो. प्रत्येक कागदावर तेच लिहिते. जूनमध्ये वसतिगृह तयार होणार नाही. माणसं बंगल्यांवर नेली म्हणून होणार नाही. नेणाऱ्याचं नाव लिहिते. त्याखाली, निरोप देणारी म्हणून, माझं नाव लिहिते.